शरीरात धातू आहे काय?

फॉर्म जितेशने स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण संपदाच्या नावाचा एकही कागद अजून संपदाने भरला नव्हता. नाव, वय, वजन त्याने तिला न विचारताच लिहून टाकलं. वजन चार किलो कमी लिहिलं. तिचं लक्ष पुढच्या प्रश्नांकडे होतं.

वसईत हे एमआरआय सेंटर नुकतंच उघडलं होतं. तोवर विरारच्या माणसाला कंबरेच्या फोटोसाठीही बोरिवली गाठावी लागे. भिंतीवर मोठी पाटी होती. यंत्रात शक्तिशाली चुंबक आहे, दागिने, घड्याळ, पिना काढून ठेवा, शरीरात धातूची वस्तू असल्यास आधी सांगा. शेवटची ओळ संपदाने बसल्यापासून सहा वेळा वाचली होती. तिच्या शरीरात धातू होता, आणि तो तिथे आहे हे तिने घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

मुलगी आर्या दीड वर्षाची असताना संपदाला पुन्हा दिवस गेले. तेव्हा सासूबाईंनी, लतिकाबाईंनी, ओळखीच्या एका दवाखान्यात नेऊन गुपचूप तपासणी करवली. मुलगीच आहे असं कळलं आणि आठवड्याभरात संपदा रिकामी होऊन घरी आली. त्या दिवशी जितेश ऑफिसला होता. असल्या दिवशी त्याला नेमकं ऑफिस असे. महिन्याभराने ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली, पाळणा थांबवणारी तांबी बसवून घेतली आणि तोंडाला कुलूप लावलं.

त्याला चार वर्षं झाली. लतिकाबाई नातवाची वाट बघत होत्या, आणि नुसती वाट बघत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. वैद्याचे काढे झाले, सोमवार झाले, शिवाय दर मंगळवारी डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या. सून पुढे, सासू गुडघे धरत मागे. त्यातून घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नळाला एक दिवसाआड पाणी. टँकर आला की हंडे संपदाच्या कंबरेवर. कंबरेने किती सोसायचं? श्रावणापासून कळ डाव्या पायातून थेट टाचेपर्यंत उतरू लागली आणि अंगठा बधिर झाला.

हाडांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की फोटोत दिसेल ते सगळंच दुखणं नसतं. तिशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या मणक्यातली गादी सरकलेली दिसते आणि त्यांचं काडीचंही दुखत नाही. पण पाय बधिर होतोय, म्हणून बघून घेऊ. लतिकाबाईंनी त्यातून एवढंच उचललं, की कंबर धड नसेल तर मूल ठरणार कसं. म्हणून तर त्या आज सोबत आल्या होत्या आणि समोरच्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या.

शेजारणीने संपदाला सांगितलं होतं की हा चुंबक लोखंडी खुर्चीसुद्धा ओढून घेतो. खुर्चीचं हे, तर पोटातल्या तारेचं काय होईल? सांगावं तर घरात धडगत नव्हती आणि न सांगावं तर यंत्रात. तिचा जीव टांगणीला लागला होता. जितेश चौकोनांत एकामागून एक खुणा करत चालला होता. तो विचारील आणि आपण नाही म्हणू, असं तिने मनाशी ठरवलं. त्याने विचारलंच नाही. सही करून फॉर्म खिडकीत देऊन आला.

थोड्या वेळाने उर्सुला नावाची टेक्निशियन तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. दार लागताच संपदाने तिचा हात धरला.

"ताई, एक सांगायचं राहिलंय. बाहेर कोणाला कळता कामा नये."

"तांबी ना?" उर्सुला फॉर्म चाळत म्हणाली. "लिहिलंय की इथे. तांब्याला चुंबक ओढत नाय. चालते ती, बिनधास्त झोपा."

"कोणी लिहिलंय?"

"तुमच्या मिस्टरांनीच. हे बघा."

अक्षर जितेशचंच होतं, टपोरं आणि सुबक. खाली वर्षही लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.

उर्सुला बोलत होती. अर्धा तास लागेल, आवाज फार होतो, हललात तर फोटो बिघडतो, भीती वाटत असेल तर आत सोबत एक माणूस बसू शकतं. संपदा दाराशी आली तेव्हा जितेश घड्याळ आणि पट्टा काढून आत यायला तयारच होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"झाली दोन वर्षं. रेशनकार्ड शोधताना तुझं दवाखान्याचं कार्ड सापडलं." आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो बोलत होता. "तू बोलली नाहीस, म्हटलं मी तरी कशाला बोलू. घरात उगाच कटकट."

दोन वर्षांतले मंगळवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. त्या दोघी घामाघूम होऊन परतल्या की हा पेपर खाली ठेवून विचारायचा, गर्दी होती का? चार वर्षं ती या माणसाला भीत आली होती. आता भीती कुठल्या कुठे गेली आणि तिला त्याची किळस आली.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "आईंना पाठवा."

लतिकाबाई साखळी, बांगड्या, पिना सगळं उतरवून आत आल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी सुनेचं बधिर पाऊल हातात घेतलं. गुडघ्यांखाली ठेवायची उशी आणायला उर्सुला बाहेर गेली. तेवढ्या वेळात, छताकडे बघत, संपदाने सगळं सांगून टाकलं.

लतिकाबाईंनी आधी एवढंच विचारलं.

"जितूला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं."

"तू परक्या घरची. तुझं मी समजून घेतलं असतं." हे खोटं आहे हे दोघींनाही माहीत होतं. "पण डोंगरावरून आले की माझे गुडघे तोच चोळायचा गं. दर मंगळवारी. तेल कोमट करून."

त्यांनी पाऊल हळूच खाली ठेवलं आणि त्या उठून गेल्या.

उर्सुलाने उशी लावली, कानांत बोळे घातले आणि संपदाला बोगद्यात सरकवलं. यंत्र अर्धा तास ठोकत राहिलं. संपदा जराही हलली नाही.

ती बाहेर आली तेव्हा समोरचा बाक रिकामा होता. जितेश पट्टा हातात घेऊन दाराशी उभा होता.

"आई एकटीच रिक्षात बसून गेली. हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाही. तू काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही बोलला नाहीत," संपदा म्हणाली, "म्हटलं मीच बोलावं."