कारणाचा रकाना

बसवाल्या काकांनी बत्तीस वर्षं शहराची बस चालवली, पण लाल दिवा एकदाही ओलांडला नाही. निवृत्त झाल्यावर तीच शिस्त त्यांनी घरच्या कचऱ्याच्या तीन डब्यांना लावली. निळ्यात कागद, काच आणि पत्र्याचे डबे. हिरव्यात ओला कचरा. उरलंसुरलं सगळं काळ्यात, आणि काळा डबा उचलला जायचा तीन आठवड्यांतून एकदाच. झाकण पूर्ण बसलं पाहिजे, सकाळी सातच्या आत डबा फुटपाथच्या कडेला हवा. पालिकेचं पत्रक त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. जॅमची रिकामी बाटलीसुद्धा ते गरम पाण्याने धुऊन टाकायचे. काकू हसायच्या. "कचऱ्याला एवढी आंघोळ कशाला घालताय? त्याला कुठे लग्नाला जायचंय?"

मग काकूंना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. वाचा शाबूत राहिली, डोकंही पूर्वीसारखंच तल्लख. गल्लीतल्या निम्म्या घरांचे कपडे काकूंनी शिवलेले. त्यांच्या स्वतःच्या अंगावर चुरगळलेलं कापड कुणी कधी पाहिलं नव्हतं. इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने काकांचं मनगट धरलं.

"पाय गेला म्हणून सांगा, हात गेला म्हणून सांगा. पण हे कुणाला कळता कामा नये." त्यांची नजर पलंगाखालच्या डायपरच्या पुड्यावर होती. "मला शब्द द्या."

काकांनी शब्द दिला. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी लावला. येणारीजाणारी माणसं खिडकीत थांबायची, गळ्याची मापं आणि अस्तराचं कापड विचारायची. काकू आडव्या पडूनही नीट विंचरलेल्या असायच्या. सगळं काका करत. पुसणं, बदलणं, कुशीवर वळवणं. आधी अवघडायचे, मग सवय झाली.

सवय झाली नाही ती काळ्या डब्याला. दिवसाला पाच डायपर, तीन आठवड्यांचे शंभराच्या वर. डबा दहाव्या दिवशीच गच्च भरायचा. काका पिशव्या दाबून बसवायचे, एकदा तर स्टुलावर चढून पायाने दाबल्या. झाकण चार बोटं वर राहिलं. गाडीवाल्यांनी डबा तसाच ठेवून दिला आणि पुढचे तीन आठवडे घरामागे उभं राहवत नव्हतं.

शेवटी बत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते काकांनी केलं. दोन पिशव्या निळ्या डब्याच्या तळाशी घातल्या, वर वर्तमानपत्रं रचली. हात बाहेर काढताना कानशिलं तापली होती.

दोनदा खपून गेलं. तिसऱ्यांदा डब्याच्या दांडीला लाल पट्टी लटकलेली दिसली. 'चुकीचा कचरा.' पुढच्या महिन्यात दुसरी. तिसऱ्या पट्टीला निळा डबाच सहा महिन्यांसाठी उचलून नेला. समोरच्या लायब्ररीवाल्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "काका, तुमचा डबा? अहो, तुम्ही तर आम्हाला शिकवायचात!"

"काहीतरी घोळ झालाय त्यांचा," काका म्हणाले आणि घरात शिरले.

त्यानंतर ते रोज दुपारी बाजाराची पिशवी घेऊन निघायचे. एक पुडकं बसस्टॉपच्या टोपलीत, एक बागेतल्या. ज्या स्टॉपवर ते पूर्वी वेळेवर बस लावायचे, तिथेच इकडे तिकडे बघत चोरासारखे उभे राहायचे. काकूंना सांगायचे, "पाय मोकळे करून आलो."

एका मंगळवारी पालिकेच्या तपासनीस बाई दारात आल्या. चाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात जाड फाईल. काकांनी बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं.

"हे तुम्हीच ना?" बाईंनी फोटो पुढे केला. बसस्टॉपवरच्या कॅमेऱ्यातला. टोपलीवर वाकलेला म्हातारा, डोक्यावर बसचालकाची जुनी टोपी. नाकारायला जागा नव्हती.

"तक्रार आली होती. घरचा कचरा तिथे टाकता येत नाही, काका. आणि निळ्या डब्यात काय सापडलं तेही मला माहीत आहे." बाईंनी आवाज उतरवला. "घरात कुणी आजारी आहे का? तसं असेल तर मोठा काळा डबा मिळतो. एक अर्ज भरायचा. फक्त कारण लिहावं लागतं."

"कुणी आजारी नाही."

"मग मला हे प्रकरण पुढे पाठवावं लागेल."

"पाठवा."

"अहो," आतून हाक आली. खिडकी उघडीच होती. "त्यांना आत घ्या."

तपासनीस बाई आत आल्या आणि पलंगाजवळच्या खुर्चीत बसल्या. काका दाराशीच उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार महिने."

"पाय मोकळे करत होतात होय?" काकूंचा ओठ एका बाजूने थरथरला. मग त्या बाईंना म्हणाल्या, "कागद काढा. यांचं अक्षर वाईट आहे, तुम्हीच लिहा."

कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. काकूंनी एकेक शब्द नीट सांगितला, शिवणाचं माप सांगावं तसा. झटका आला. उजवी बाजू गेली. लघवीवर ताबा नाही. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "शौचावरही. अर्धवट नको." बाईंचं पेन क्षणभर अडखळलं. खाली काकूंनी डाव्या हाताने सही केली, पहिलीच. ती कुणा लहान मुलीची वाटत होती.

बाई गेल्यावर काका पलंगाशी टेकले. "मी शब्द मोडला."

"मोडला नाहीत. मीच मोडला," काकू म्हणाल्या. "तुम्ही आता तोंड धुऊन या. घाम आलाय केवढा."

पंधरा दिवसांनी डबा आला. काकांच्या छातीएवढा उंच, जांभळ्या झाकणाचा. गल्लीत तसा दुसरा नव्हता आणि तो कशासाठी देतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही वाईट बोललं नाही. उलट लायब्ररीवाल्या बाई सूप घेऊन आल्या. पण खिडकीशी थांबणारी माणसं आता काकूंशी मोठ्याने, तोडून तोडून बोलू लागली, "बऱ्या आहात ना काकू? जेवलात ना?" कापडाबद्दल कुणी विचारेना. बोलता बोलता नजर पांघरुणाकडे जायची आणि चटकन परत यायची.

तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "माझा पलंग मागच्या खोलीत लावा."

"तिथे उजेड नाही गं."

"मला कुठे सुईत दोरा ओवायचाय?"

काकांनी एकट्याने पलंग सोडवला, नेला, पुन्हा जोडला. मध्ये दोनदा दम लागून बसले.

उचलण्याच्या दिवशी त्यांनी पावणेसातला डबा बाहेर लावला. झाकण व्यवस्थित बसलेलं. गाडीवाल्याने तो रिकामा करून परत जागेवर ठेवला आणि अंगठा दाखवला. "आता कसं, सगळं बरोबर आहे काका!"

काकांनी मान हलवली. डबा ओढत मागे नेला, हात साबणाने दोनदा धुतले आणि मागच्या खोलीत गेले.

"नेलं?" काकूंनी विचारलं.

"नेलं."

काकूंनी भिंतीकडे तोंड वळवलं. काकांनी नवा पुडा फोडला, बादलीत गरम पाणी काढलं आणि बाह्या वर सारल्या.