हजेरीपटाबाहेरचा श्वास

मी एक जुनी, श्वास मोजायची नळी आहे. अंगावर आकड्यांची पट्टी, पट्टीवर लाल काटा. कुणी जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो, एवढंच माझं काम. मित्रांनो, मी जन्मात कधी चुकीचा आकडा दाखवला नाही. तरी माझ्या हातून एक मोठं खोटं घडलं.

एका कापडगिरणीच्या पिंजणखात्यात कापसाची धूळ उडे. केसांवर बसे, पापण्यांवर बसे, छातीत उतरून तिथंच घर करी. ती ओढून घेणारे पंखे बसवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी मालकांनी एका डॉक्टरांना कामगारांच्या छातीचा अभ्यास करायला बोलावलं. माणूस सालस, पण घाईतला. आराखड्यात त्यांनी लिहिलं, ‘हजेरीपटावरचे सर्व कामगार तपासावेत.’

नर्सबाई मला घेऊन खात्याच्या दारात बसत. रांगेत थट्टा चाले. “फुंक लेका! घरी चूल फुंकतोस तसं!” काटा चारशे, साडेचारशे गाठी. डॉक्टर मला पुसत म्हणत, “गुणाची आहे हो.” मी फुलून जाई.

बाईंचा थोरला भाऊ त्याच खात्यातला. दम लागतो म्हणून काम सोडून घरी बसलेला. त्याच्या जागेवर आता धाकटा भाऊ उभा होता. एका संध्याकाळी बाईंनी मला घरी नेलं.

“दादा, फुंक.”

“अगं, माझ्यानं दिवा विझत नाही, हिला काय हलवू?”

तरी त्यानं फुंकलं. काटा ऐंशीवर थांबला. शेजारी काम सोडलेले आणखी तिघं निघाले, त्यांचंही तेच.

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरांना म्हणाल्या, “सर, या चौघांना अभ्यासात धरा ना. माझा धाकटा आहे हो तिथं.”

डॉक्टरांनी आराखडा पुन्हा उघडला. “बाई, आता मधेच चार आकडे घुसडले तर अभ्यास कसला? ज्याला दम लागला तो काम सोडून गेला, पटावर उरले ते धडधाकट. गेलेल्यांना शोधायचं, हे सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. चुकलं माझं.”

“मग तसं लिहा की.”

लिहिलं त्यांनी, शेवटच्या पानावर. मालकांनी पहिलंच पान वाचलं: छात्या ठणठणीत. पंखे आले नाहीत.

महिन्याभरात दादा गेला. धाकटा खोकायला लागलाय. मी कपाटात पडून आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मोजायला बसण्याआधी एवढंच विचारा, रांगेत कोण नाही? आणि मला घेऊन त्याच्या दारी जा, त्याला फुंकता येतंय तोवर.