तिघांत एक गमबूट

आमी करकंबचे तीन भाऊ. उसाला पाणी द्यायला तिघांत गमबुटाचा एकच जोड. माज्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. मलम लावायचो, खाज थांबली की सोडून द्यायचो. चिखल्या परत हजर.

नवी सून रेश्मा पाया पडायला वाकली, ती वाकलेलीच राहिली. "मामंजी, ही बुरशी आहे. एकाची दुसऱ्याला लागते. दारातले ओले बूट कोण कोण घालतं?"

मी खवळलो, "तुला काय करायचंय?"

तरी तिनं सोलापूरला डॉक्टरकडं नेलंच. खाज गेल्यावरबी महिनाभर मलम, बोटं कोरडी अन् तिघांना तीन जोड.

आता पाय बरे हायत. आजवर लई जण माज्या पाया पडले. पाय बघितले ते हिनंच.