सासूबाईंची करंगळी

पोटाचा तुकडा सासूबाईंनी दोन्ही तळहातांवर उचलला आणि नुकतं जन्मलेलं बाळ सोपवावं तसा सूनबाईपुढे धरला.

"घे. नाकीडोळी नीटस आहे."

सूनबाईने तो टेबलावरच्या बाईच्या छातीच्या रिकाम्या जागेवर अलगद ठेवला. ती हसली नाही. एरवी मास्कमागून का होईना, हसायची.

सासूबाई म्हणजे साठीला टेकलेले, जाड मिशीचे सर्जन. सूनबाई त्यांच्याहून पुष्कळ लहान, पण तीही सर्जनच. ते अखंड टोमणे मारायचे, ती "हो सर" म्हणून मनात असेल तेच करायची. म्हणून ऑपरेशन थिएटरने ही नावं ठेवली होती आणि दोघांनी ती निमूट सोसली होती. कॅन्सरमुळे स्तन काढलेल्या बाईला तिच्याच पोटाच्या कातडी-चरबीचा नवा स्तन करून देणं, हा त्यांचा संसार. सासूबाईंनी पोट सांभाळायचं, सूनबाईने छाती. शेवटी दोघांनी मायक्रोस्कोपखाली समोरासमोर वाकून केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिन्या जोडायच्या. जोड तुंबला तर स्तन काळा पडतो.

गेल्या महिन्यात एकीचा पडला. त्या दिवशी टाके सूनबाईने घातले होते, सासूबाईंनी नुसती वाहिनी धरली होती. तेव्हा दोष धरणाऱ्याचा, असं तिने ठरवलं. तेव्हापासून टाके आपणच घालणार असा हट्ट सासूबाईंनी धरला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, हेही तिने ठरवून टाकलं. आज संध्याकाळी ती त्यांची तक्रार घेऊन विभागप्रमुखांना भेटणार होती. सासूबाईंनीच आपल्याला सुई धरायला शिकवलं, हे सकाळपासून दहादा आठवून झालं होतं. पण टेबलावरची बाई भूल चढता चढता म्हणाली होती, "पोट लागेल तेवढं घ्या. फक्त माझ्या अंगावर दोघं भांडू नका."

दोघं वाकले. सूनबाईने चिमट्याने वाहिनीचं टोक धरलं. सासूबाईंनी सुई उचलली आणि सवयीप्रमाणे डाव्या हाताची करंगळी तिच्या मनगटावर टेकवली. ती करंगळीच तिला खुपत होती. भिंगाखाली टोक मधूनच हलायचं. म्हाताऱ्याची थरथर करंगळीतून आपल्या हातात उतरते, असा तिचा हिशेब होता.

"सर, करंगळी काढा ना."

"का गं? गुदगुल्या होतात?"

"काढा. प्लीज."

सासूबाई जरा थांबले. मग त्यांनी करंगळी उचलली.

वाहिनीचं टोक वाऱ्यावरच्या पानासारखं हलायला लागलं. सूनबाईने आधी त्यांच्या सुईकडे पाहिलं. सुई भिंतीत ठोकल्यासारखी स्थिर होती. मग तिने स्वतःच्या चिमट्याकडे पाहिलं. आणि पाहतच राहिली.

मॉनिटर टिकटिकत होता. सिस्टरने उगाचच कापसाचे बोळे पुन्हा मोजले.

"ठेवू?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"ठेवा."

करंगळी मनगटावर आली. टोक शांत झालं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"टाके घालताना बोलू नये, सूनबाई."

शेवटची गाठ बसली. चिमटे सुटले तशी वाहिनी फुगली आणि मेणासारख्या पांढऱ्या तुकड्यावर हळूहळू गुलाबी रंग चढला. सिस्टर म्हणाली, "आली लाली." 

हात धुताना सासूबाईंनी नळ नको तेवढा मोठा सोडला.

"संध्याकाळी मोठ्यांकडे जातेयस ना? सिस्टरच्या पोटात काही राहत नाही."

तिने मान खाली घातली.

"मग माझंच नाव सांग. मी तसाही रिटायर व्हायला निघालोच आहे. तुझं अख्खं आयुष्य पुढे पडलंय."

"आणि ती गेल्या महिन्यातली?"

सासूबाईंनी नळ बंद केला. टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसत राहिले. करंगळी शेवटी पुसली.

"तेव्हाच बोलायला हवं होतं मी," ते म्हणाले. "मला वाटलं, करंगळीवर भागेल."

संध्याकाळी विभागप्रमुख चष्मा टेबलावर काढून ठेवून डोळे चोळत बसले होते.

"ये, बस. सासूबाईंचंच ना? कुणकुण होती मला. बोल, काय करायचं म्हाताऱ्याचं?"

दाराबाहेरून ट्रॉली खडखडत गेली. तिचा आवाज विरेपर्यंत सूनबाई उभीच होती. मग ती बसली. कोटाच्या खिशांतून दोन्ही हात तिने बाहेर काढले आणि टेबलावर, चष्म्याशेजारी ठेवले.

"सर," ती म्हणाली, "आधी चष्मा लावा."