खालच्या वर्गातली

इस्त्रीवाल्यानं शेवटच्या शर्टाची घडी घातली आणि लेकीला हाक मारली. ती दप्तर पोटाशी धरून दारामागे उभी होती.

“बाबा, पोटात दुखतंय.”

“काल डोकं, आज पोट. उद्या काय, केस दुखणार?”

ती हसली नाही. आई असताना अशा बोलण्यावर खुदखुदायची.

ही पाचवीतली पोर दिवाळखोरासारखी मान खाली घालून पहिलीच्या वर्गात, इवल्याशा बाकावर गुडघे दुमडून बसत होती. शाळेची रीतच तशी: ज्याला वाचता येत नाही, त्यानं खाली बसायचं. पहिलीची पोरं तिला ‘आजी’ म्हणत. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. पण कानावर पडलेलं ती विसरत नसे. आई स्वयंपाक करता करता धडा वाचायची आणि ही अर्थासकट सगळा सांगायची. आई गेली. बापाला वाचता येत नव्हतं.

आज शाळेनं त्याला बोलावलं होतं.

“हिला आता घरीच ठेवा,” मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्गाच्या बाई म्हणाल्या. “एवढ्या मुलांत हिच्या एकटीसाठी वेगळं कधी शिकवू?”

“एकदा हिला धडा वाचून दाखवा, बाई. मग विचारा.”

“ऐकून काय, पोपटही बोलतो.”

“मग पोपटाला अर्थ विचारून बघा की.”

मुख्याध्यापक कंटाळून म्हणाले, “घ्या बाई, होऊन जाऊ दे एकदाचं.”

बाईंनी नदीचा धडा घडाघडा वाचला. “सांग, नदी वळणं का घेते?”

मुलीचे ओठ हलले. तिला येत होतं; बापाला ते तिच्या डोळ्यांत दिसलं. तेवढ्यात कोणी हसतंय का म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तरी तिनं ओठ मिटून घेतले.

“बोल गं राणी, आईला सांगायचीस तसं बोल!” बापाचा आवाज फाटला.

तिनं दप्तर पोटाशी आणखी घट्ट धरलं.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

“बघितलं. घरातून बोलकी पोर पाठवली होती, बाई. मुकी ती इथं झाली. मी नाही नेणार हिला. तुम्हीच बोलती करा.”

तो तिथंच, दाराशी फरशीवर बसला.

मग बाई खुर्चीवरून उठल्या, मुलीशेजारी बसल्या आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचू लागल्या.

मुलगी खाली बघत होती. ती ऐकतेय की नाही, हे बापालाही सांगता येईना.