येडबाने मोजलेली माणसं

कासाबाईच्या घरात आढ्याला तीन दोऱ्या टांगलेल्या असत. काळ्या लोकरीच्या, हाताने वळलेल्या, जागोजाग गाठी मारलेल्या. दोन दोऱ्या मेंढरांच्या: एक औंदाची, एक गेल्या सालची. त्या दरसाल बदलत. तिसरी मात्र माणसांची होती आणि तिला त्रेपन्न वर्षं झाली होती.

ती दोरी तिच्या नवऱ्याची, येडबाची. राणीसावरगावच्या धनगरवाड्यातून फौजेत गेलेला तो पहिला माणूस. बहात्तर साली संयुक्त राष्ट्रांच्या पाहणी पथकासोबत त्याला पार समुद्रापल्याडच्या तिरोआ बेटांवर धाडलं होतं. त्या बेटांवर एक मोठा देश ठाण मांडून बसला होता. बेटांवरच्या लोकांना आपला मुलूख आपल्या हाती हवा होता, आणि त्यांना एकदा रीतसर विचारावं असं जगाने ठरवलं होतं. गावोगावची माणसं एका तारेच्या कुंपणात बोलावून त्यांचे हात वर करून घ्यायचे, अशी ती विचारणा.

पाहणी पथकाला आत जाऊ दिलं नाही. कागद, पेन, कॅमेरा, सगळ्यालाच बंदी. येडबा फाटकावर पहाऱ्याला उभा होता. माणसं एकेक करून आत शिरत होती आणि त्याला सवयीने वाघर दिसायला लागली. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडतात ते जाळ्याचं कुंपण. वळकटीची लोकरी दोरी त्याने सोडली आणि पाठीमागे हात घेऊन गाठी मारायला सुरुवात केली. दर विसाला एक मोठी गाठ, वर उरतील त्यांच्या बारीक गाठी. संध्याकाळी जाहीर झालं की सहाशे चाळीस प्रतिनिधी आले आणि सगळ्यांनी मोठ्या देशाखाली राहायचं कबूल केलं. येडबाच्या दोरीवर नऊ मोठ्या गाठी होत्या आणि सहा बारीक. एकशे शहाऐंशी.

त्याने साहेबाला सांगितलं. अहवाल गेला, आता गप बस, असं उत्तर मिळालं. गावी आल्यावर त्याने पारावर सांगितलं, गंगाखेडच्या बाजारात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. लोकांना गंमत वाटली. शेवटी गावाने त्याचं नावच सहाशे चाळीस ठेवलं. "काय सहाशे चाळीस, मेंढरं किती भरली?" असं कुणीही विचारायचं आणि हसायचं. येडबा हसायचा नाही. बारा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही कासाबाईला एवढंच बोलला होता की दोरी टाकू नको.

तिने टाकली नाही. तिला त्या बेटांचं फारसं काही माहीत नव्हतं. आपल्या माणसाने बरोबर मोजलं होतं, हे कुणातरी जाणत्याने एकदा म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

मागच्या दिवाळीनंतर गावात मेरेवा आली. तिरोआची बाई, पन्नाशीची, उंच, केसांत पांढरी बट. पाहणी पथकाच्या जुन्या कागदांत तिला एक ओळ सापडली होती: एका हिंदुस्थानी जवानाची आकड्याबद्दल तक्रार. खाली नाव आणि गाव. त्या ओळीचा माग काढत ती इथवर पोचली होती. कासाबाईची नात सविता गंगाखेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. ती मधे बसून दोघींचं बोलणं इकडचं तिकडे करू लागली.

मेरेवा सांगत होती की तीस वर्षं तिची माणसं जगाची दारं ठोठावतायत. अर्ज केले, परिषदांत तीन-तीन मिनिटं बोलले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, तुम्ही बहात्तर साली होकार दिलाय. आता कुठे जिनिव्हात बसणाऱ्या एका समितीने त्या होकाराची तपासणी करायचं मान्य केलं होतं. मेरेवाजवळ एक यादी होती. माणसं ट्रकात भरली तेव्हा बेटावरच्या मास्तरांनी गुपचूप नावं टिपली होती. पण एकट्या यादीवर कोण विश्वास ठेवणार? बाहेरचा साक्षीदार हवा होता.

तिने दोरी हातात घेऊन गाठी मोजल्या. यादीत एकशे सत्त्याऐंशी नावं, दोरीवर एक कमी. सहाशे चाळिसांपुढे एकाचा फरक तो काय, असं तिला वाटलं. तिने तो बोलूनही दाखवला नाही.

दोरी द्याल का, असं तिने विचारलं. कासाबाईने नकाराची मान हलवली.

"दोरी हितंच ऱ्हाईल, माय. गवाही म्या देते."

गवाहीचा दिवस पौषातला. गावात नेट धड टिकायचं ते फक्त जनावरांच्या दवाखान्यात, म्हणून तिथेच टेबलावर लॅपटॉप मांडला. दवाखान्याचे डॉक्टर दिनकरराव. कासाबाईचा आणि त्यांचा जुना वाद होता. लस टोचायच्या दिवशी त्यांच्या रजिस्टरात तिची मेंढरं एकाने जास्त भरायची आणि ते दरसाल म्हणायचे, "मावशी, तुमचं एक मेंढरू कायम चुकतंय." ती म्हणायची, चुकत नाही. विषय तिथेच राहायचा.

कासाबाई इरकली लुगडं नेसून आली. आढ्यावरून एक दोरी काढायची तर तिन्ही गुंतून येत, म्हणून तिन्ही आणल्या होत्या. दुपारी अडीचला पडद्यावर जिनिव्हाचं मोठं सभागृह दिसलं. गोल टेबलं, पाट्या, पाण्याच्या बाटल्या. मधोमध समितीच्या अध्यक्षबाई, कडेला मेरेवा. कासाबाईने येडबाने सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं, ना कमी ना जास्त. सविता वाक्यावाक्याला थांबून इंग्रजी करत होती.

मग मोठ्या देशाचा वकील बोलायला लागला. आवाज मऊ होता. तो म्हणाला, आजींच्या वयाचा मला आदर आहे. पण दोरी म्हणते एकशे शहाऐंशी आणि अर्जदारांची यादी म्हणते एकशे सत्त्याऐंशी. यांचे दोन पुरावे एकमेकांशीच जुळत नाहीत. तर मग सरकारी आकड्यावर शंका कशाच्या बळावर घ्यायची?

सविताचा आवाज हे सांगताना खाली गेला. पडद्यावर मेरेवाने डोळे मिटून घेतले. कासाबाईने मात्र विचारलं, "किती म्हणायलाय त्यो यादीत?"

"एकशे सत्त्याऐंशी, आज्जी."

कासाबाईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"मंग बराबर हाय की. वाघरीत पयलं शिरतंय ते मेंढरू आमी मोजत न्हाई. ते खंडोबाचं. देवाचं मोजायचं नसतंय. ह्यांनी दुसऱ्यापासनं मोजलं असंल."

हे आधी का सांगितलं नाही, असं अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कुणी इचारलं न्हाई. आमच्यात समद्यांना ठावं हाय."

सोयीचा खुलासा आहे, असं वकील म्हणाला. आज ऐनवेळी सुचलेला.

तेव्हा आतापर्यंत दाराशी उभे असलेले दिनकरराव पुढे आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडून लसीकरणाचं रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून वाचलं. औंदा कासाबाईची मेंढरं चौसष्ट. गेल्या साली एकाहत्तर. मग सविताने मेंढरांच्या दोऱ्या कॅमेऱ्यापुढे धरल्या. औंदाची: तीन मोठ्या गाठी, तीन बारीक. त्रेसष्ट. गेल्या सालची: तीन मोठ्या, दहा बारीक. सत्तर.

"अकरा वर्षं मी इथं आहे," दिनकरराव म्हणाले. "दरवर्षी एक कमी. मी यांना चुकीचं समजत होतो."

अध्यक्षबाईंनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाल्या की साक्षीदारांनी आकडा यादीशी जुळवून घेतला असता, तर हा फरक राहिलाच नसता.

मेरेवाने बोलायची परवानगी मागितली. तिने सांगितलं, बहात्तरच्या त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे काठी टेकत जो आत गेला तो तिचा आजा होता, बेटाचा म्होरक्या. यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. कुंपणातून तो घरी परतला नाही.

सविताने हे सांगितल्यावर कासाबाईने पदर सावरला आणि पडद्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

"मंग त्येच देवाचे," ती म्हणाली.

महिनाभराने निकाल आला. समितीने येडबाची मोजणी नावानिशी दप्तरात नोंदवली. बहात्तर सालचा होकार लोकांचा म्हणता येणार नाही, तिरोआच्या लोकांना पुन्हा आणि खरोखर विचारलं जावं, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेकडे गेली. मुलूख अजून त्यांच्या हाती आला नव्हता, पण बंद दार किलकिलं झालं होतं. ज्यांनी हयातभर येडबाला चिडवलं, ते म्हातारे चहाच्या हॉटेलात बाहेरगावच्या माणसांना ऐकवू लागले की आमच्या येडबाने मोजलं म्हणून जगाला कळलं. कासाबाई रस्त्याने जाताना ऐकायची. थांबायची नाही, पण पाऊल जरा हळू पडायचं.

मेरेवाचा फोन आला तेव्हा कासाबाई अंगणात लोकर पिंजत होती; फोन सविताने घेतला. समितीला ती दोरी आपल्या दप्तरखान्यात जपून ठेवायची आहे, पाठवाल का?

"फोटू घ्या म्हणावं. दोरी घरात ऱ्हाईल." मग तिला काहीतरी आठवलं. "तिला इचार, पुन्ना इचारतील तवा माणसं किती येतील?"

सविताने विचारून सांगितलं की सगळी मोठी माणसं येतील, चाळीस हजारांच्या आसपास.

कासाबाईने ओठ हलवत हिशोब केला. दोन हजार गाठी.

"सांग तिला, फाटकावर म्या उभी ऱ्हाते. तवर दोरी वळून होईल."

आणि तिने लोकर कातायला टकळी हातात घेतली.