जर्मनच्या तपेल्यावरचा आळ

लीलाबाईंच्या घरी आमटी व्हायची ती जर्मनच्या तपेल्यातच. जर्मनचं म्हणजे आपलं ॲल्युमिनियमचं. झाशीच्या जुन्या मराठी घरांत अजून हाच शब्द चालतो. सगळ्या गल्लीत अरहरच्या, म्हणजे तुरीच्या, दालीला हिंग-जिऱ्याचा तडका बसतो आणि ती सरळ ताटात पडते. चिंचगुळाची आमटी उकळणारं घर एकच, कमलाकररावांचं. लग्न होऊन आल्यापासून लीलाबाई त्या तपेल्यात चिंच कोळत आल्या आणि कमलाकरराव भुरके मारत आले. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आणि मग तो मेला व्हिडिओ आला!

पाठवला गुरसरायच्या नणंदेने, जानकीवन्संनी. या बाईंना रोज सकाळी कोणाला तरी घाबरवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. फ्रिजमधलं लिंबू, अगरबत्तीचा धूर, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांनी माणसं मरतात असं त्यांचं आजवर कळवून झालं होतं, आणि लीलाबाई हसून सोडून देत होत्या. या वेळी मात्र पांढरा कोट घातलेला एक जण सांगत होता, ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट शिजवाल तर धातू अन्नात उतरतो, डोक्यात साठतो आणि माणूस एकेक गोष्ट विसरत जातो. आधी चष्मा, मग वार, मग घरची माणसं.

लीलाबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. कारण कमलाकरराव विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं जुनंच. पण परवा भाजीला म्हणून सदर बाजारात गेले ते रिकामी थैली घेऊन परत. "काय आणायचं होतं गं?" असं विचारताना त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की लीलाबाई म्हणाल्या, "काही नाही हो, पाय मोकळे करायला गेला होतात." तेवढ्यापुरती वेळ मारून नेली.

म्हणजे हे मीच केलं, त्यांना वाटलं. जन्मभर, आणि वर "आणखी वाढू का?" असं विचारून विचारून.

कोणाला सांगायची सोय नव्हती. मुलगा पराग भोपाळला. त्याला काय सांगणार, तुझ्या बापाला मी विष वाढलं म्हणून? त्यांनी तपेलं पलंगाखाली ट्रंकेच्या मागे ढकललं. भांडी घासायला येणाऱ्या रामकलीच्या नजरेतून ते कसलं सुटतंय! "अम्मा, बा पतीली नईं चाने तो हमें दै दो." तपेलं तिला द्यायचं? लीलाबाई "नाही!" म्हणून अशा ओरडल्या की ती बिचारी फुगूनच बसली. पण तिच्या घरच्यांच्या डोक्यात कशाला ते पाप घालायचं?

त्या दिवसापासून घरात स्टीलच्या कुकरातली तडक्याची दाल सुरू झाली. कमलाकररावांनी ताटाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने जेवले. पुढेही तेच. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण आमटीचं नाव काढीना. झालं! आमटीही विसरले, आता उरले कोण, मीच ना? लीलाबाई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या.

शेवटी त्यांनी नवऱ्याला डॉक्टर स्वरदाकडे नेलं. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना आईच्या मांडीवर झोपून जायची ती हीच पोरगी. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. तिने रक्त तपासायला पाठवलं, कमलाकररावांना बरेच प्रश्न विचारले, आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"काकू, घबराइए मत. काकांचं बी-ट्वेल्व खूप कमी झालंय. शाकाहारी लोकांमध्ये असं बहुत होतं, त्याने विसरायला पण होतं. इंजेक्शनं घेतील, धीरे-धीरे फरक पडेल. बाकी तपासणीत मला काही वाईट दिसलं नाही."

"आणि तपेलं?" लीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"कसलं तपेलं?"

मग काय, बांधच फुटला. व्हिडिओ, चिंच, ट्रंक, रामकली, सगळं त्यांनी ओकून टाकलं. स्वरदाने त्यांचा हात धरला.

"काकू, आंबट शिजवलं की थोडासा धातू उतरतो, ये सच है. पण तो अगदी कमी, आणि किडनी चांगली असली की बाहेर जातो. अशा भांड्यात शिजवून माणूस विसरभोळा होतो, हे कोणी सिद्ध केलेलं नाही. फक्त उरलेली आमटी रात्रभर त्यात ठेवू नका, दुसऱ्या भांड्यात काढा. और सुनिए, पांढरा कोट दुकानात मिळतो!"

लीलाबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. तेवढ्यात शेजारून कमलाकरराव हळूच म्हणाले, "म्हणजे तू आमटी केलीच नव्हतीस?"

"नाही हो."

"मधे एकदाही?"

"एकदाही नाही. तुम्ही तरी विचारायचं होतं!"

"भीती वाटत होती गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, काल झाली असेल, मी खाल्ली असेन आणि विसरलो असेन. विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, 'अहो, कालच तर केली होती', तर?"

लीलाबाईंना हसू आवरेना आणि रडूही. डॉक्टरीणबाईंसमोरच त्यांनी नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली.

घरी येताच तपेलं पलंगाखालून बाहेर निघालं. चिंच भिजली, गूळ पडला, फोडणीचा वास गल्लीत गेला. लीलाबाईंनी फोन उचलून नणंदेला सांगितलं, "वन्सं, जर्मनच्या तपेल्यात आमटी उकळतेय. जेवायला या. भीती वाटत असेल तर तुमची दाल वेगळी टाकते."

कमलाकररावांनी पहिला भुरका मारला, डोळे मिटले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गूळ जास्त झालाय. तुझा एवढा कधी होत नाही."

एरवी या वाक्यावर भांडण पेटलं असतं. लीलाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.